मागायचं नाही, बसायचं

माझे अब्बा मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतात आणि मी इंटरनेटवर. धंदा एकच आहे, फक्त जागा वेगळी, असं मी अम्मीला समजावून सांगितलं होतं.

अम्मी म्हणाली, "एक नाय. तुज्या अंगाला वास येत नाय. आणि त्यांच्या हातात पैसे येतात."

यातला दुसरा फरक मी तात्पुरता समजत होतो.

साल दोन हजार सहा. मी बी.कॉम. झालो होतो, म्हणजे विद्यापीठाने तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर हात टेकले होते. एसटी स्टँडजवळच्या एका नेट कॅफेत तासाला तीस रुपये मोजून मी लिलावाच्या एका साइटवर वस्तू विकायचो. पद्धत सोपी होती. वस्तूचा फोटो टाकायचा, सात दिवस लोक बोली लावणार, ज्याची बोली मोठी त्याची वस्तू. त्याने पुढच्या सात दिवसांत पैसे पाठवायचे आणि मग आपण वस्तू पाठवायची. साइटवर लाल अक्षरांत एक नियम लिहिलेला होता : पैसे हातात आल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. माझ्या आयुष्यात मी मनापासून पाळलेला हा एकमेव नियम. त्याने माझं काय झालं ते शेवटी कळेलच.

तोवर मी मामूने मस्कतहून आणलेले दोन रेडिओ, एक पितळी अडकित्ता आणि उजव्या पायाचा एकच लाकडी खडाऊ असा माल विकला होता. खडाऊ अमरावतीच्या माणसाने घेतला. त्याच्याकडे डावा होता की त्याला पायच एक होता, ते मी विचारलं नाही. धंद्यात खोलात जायचं नसतं.

मग मी घंटा काढली.

ही घंटा माझ्या आजोबांची. आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. गलबत मोडीत निघालं तेव्हा बाकीच्यांनी दोर, शिडाचं कापड, लाकूड असं उपयोगाचं काहीबाही घरी नेलं. आजोबांनी घंटा आणली. पितळेची, साडेतीन किलोची, आवाज असा की शेजारच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबाव्यात. त्यांच्यानंतर चाळीस वर्षं ती आमच्या घरात तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून होती, उंदरांसाठी. मी साइटवर लिहिलं, 'अरबी समुद्र पाहिलेली दुर्मिळ घंटा.' उंदरांचा उल्लेख टाळला.

पाचशेपासून बोली सुरू झाली. शेवटच्या दिवशी दोन माणसं एकमेकांविरुद्ध इरेला पेटली आणि चार हजार दोनशेवर घंटा गेली. घेणाऱ्याचं साइटवरचं नाव होतं 'लांजा एक्स्प्रेस ५८'. मी कॅफेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. कॅफेवाल्याने त्या दोन मिनिटांचे पैसे लावले.

सात दिवस गेले. पैसे आले नाहीत. मी नम्रपणे ई-मेल पाठवली. उत्तर आलं :

'आपले पत्र पोचले. कळविण्यात येते की पैसे निघण्याच्या तयारीत आहेत. तरी प्रतीक्षा करावी.'

आठवड्याने दुसरी मेल. उत्तर :

'काही तांत्रिक कारणास्तव विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

ही भाषा मी कुठेतरी ऐकली होती, पण कुठे ते आठवेना. तिसऱ्या उत्तरात सही आली तेव्हा उलगडा झाला : भिकाजी सोनू घडशी, निवृत्त वाहतूक नियंत्रक, राज्य परिवहन, लांजा. म्हणजे हा गृहस्थ आयुष्यभर एसटी स्टँडवरच्या खिडकीत बसून लोकांना गाडी का आली नाही ते सांगत होता. उशिराची कारणं देण्यात हा माणूस पेन्शन घेऊन बसला होता, आणि मी त्याच्याकडून वसुली करणार होतो.

त्या रात्री जेवताना अब्बांनी विचारलं, "घंटेचा लिलाव झाला?"

"झाला."

"माल गेला?"

"नाही."

"पैसे आले?"

"नाही."

"मग झालं काय?"

मी म्हटलं, "बोली झाली ना."

अब्बांनी घास खाली ठेवला. "अनस, बोली काय, बंदरावरचा वेडा चिमाही लावतो. परवा त्यानं आख्ख्या बंदरावर बोली लावलीन. मी बंदर त्याला दिलं का?"

अम्मी म्हणाली, "नाय दिलंत तेच बरं. तो तरी वेळेवर जेवायला येतो."

पावसाळ्याचे दिवस, होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद. या दोन महिन्यांत अब्बांना काम नसतं आणि मग ते माझ्या भविष्याचा विचार करतात. त्यांनी तिथल्या तिथे पैज लावली. नारळी पुनवेपर्यंत घंटेचे पैसे घरात आले, तर मी आणि माझा कॉम्प्युटर, ते पुन्हा तोंड उघडणार नाहीत. नाही आले, तर पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, होड्या सुटल्या की, मी पहाटे त्यांच्या बाजूला बंदरावर उभा राहायचं. कायमचं.

मी हो म्हटलं, कारण अम्मी बघत होती.

हे संकट किती मोठं होतं ते कळायला माझा आवाज ऐकायला हवा, पण तीच तर अडचण आहे, तो कुणाला ऐकू येत नाही. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत ठेवायचे आणि तरीही मी गैरहजर लागायचो. बंदरावर शंभर बायका टोपल्या घेऊन एकाच वेळी बोलत असतात, वर इंजिनांची धडधड आणि कावळे. तिथे अब्बांचा आवाज समुद्रातल्या होडीपर्यंत पोचतो. माझा माझ्या खिशापर्यंत. शिवाय मला स्वतःचं दुकान टाकायचं होतं, स्वतःचा कॉम्प्युटर, स्वतःची लाइन, ज्यावर दोन मिनिटांच्या टाळ्यांचे पैसे पडणार नाहीत. त्याची सुरुवात घंटेने होणार होती.

दोन आठवडे मी मेल टाकत राहिलो आणि घडशी मला प्रतीक्षालयात बसवत राहिले. शेवटी मी अब्बांनाच विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक पैसे देत नाही तेव्हा तुम्ही काय करता?"

"बसतो."

"म्हणजे?"

"त्याच्या घरी जाऊन बसतो. मागायचं नाय. मागितलं की तो कारण देतो. कारण दिलंन की त्याची सुटका झाली. न मागता बसलं तर कारण द्यायचं कशाला? त्याची पंचाईत होते."

हे मला माहीत होतं, फक्त ते शास्त्र आहे हे माहीत नव्हतं. खेडचा एक खाणावळवाला बांगड्यांचे पैसे बुडवत होता, तेव्हा अब्बा त्याच्या ओट्यावर चार दिवस बसले होते. चहा दिला तर प्यायले, जेवण दिलं तर जेवले. बोलले फक्त हवापाण्याबद्दल. चौथ्या दिवशी खाणावळवाल्याच्या बायकोने डब्यातले पैसे काढून दिले, वर कोळंबीचं लोणचं, आणि पुढची पंधरा वर्षं त्या घरातलं एकही लग्न अब्बांशिवाय झालं नाही.

"लांज्याला मी जातो," अब्बा म्हणाले. "तसाही रिकामाच हाय."

पैज लावलेल्या माणसाने समोरच्याच्या वतीने मैदानात उतरावं, यात मला काहीतरी खटकायला हवं होतं. खटकलं नाही. आपला बाप आहे, एवढाच विचार केला. लोक असंच फसतात.

चार जुलैला सकाळच्या गाडीने अब्बा छत्री घेऊन लांज्याला गेले आणि संध्याकाळी परत आले.

"काय झालं?"

"बसलो."

"मग?"

"घावणे होते."

दुसऱ्या दिवशी : "बसलो. कुळथाचं पिठलं. त्याची बायको, मथुराबाई, हाताला चव हाय हो बाईच्या." अम्मीने यावर भांडं जरा जोरात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी अब्बा आले, हातपाय धुतले, नमाज पढले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो म्हणतो, शिमग्याला देतो."

"शिमग्याला?"

"घंटा गावच्या देवळाला घेतलीन. देवाच्या कामाचे पैसे शिमग्याला, पालखीसमोर."

आता मुंबई-पुण्याच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. मला आलं नाही, कारण मला हे पटलं. आमच्याकडे खेडोपाडी देवळात लिलाव होतात. देवाला वाहिलेला नारळ, पहिला फणस, केळ्याचा घड. पाच रुपयांच्या नारळाला पाचशेची बोली लागते, आणि पैसे कुणी तिथल्या तिथे मागत नाही. पुढच्या शिमग्याला पालखी आली की सगळ्या गावासमोर द्यायचे. बुडवायची कुणाची छाती नाही आणि घाईही कुणाला नाही. घडशींनी इंटरनेटलाही देऊळ समजावं यात मला काहीच चुकीचं दिसेना. उलट त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटला. फक्त शिमगा मार्चमध्ये आणि नारळी पुनव ऑगस्टमध्ये, एवढीच अडचण.

अब्बा उभ्या आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यामुळे त्यांचं पहिलंच खोटं एकदम कोरं, न वापरलेलं होतं. पण हे मला नंतर कळलं.

मी साइटकडे तक्रार केली. तक्रारीच्या फॉर्मवर विलंबाची चार कारणं होती : खरेदीदार उत्तर देत नाही, खरेदीदार नकार देतो, खरेदीदार सवलत मागतो, आणि इतर. मी 'इतर'मध्ये लिहिलं, शिमगा. तीन दिवसांनी उत्तर आलं : 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया शिमगा ही व्यक्ती आहे की कुरिअर कंपनी, हे कळवावे.'

मी खुलासा पाठवला. खुलाशाला उत्तर आलं की उत्सवाच्या काळात विलंब होऊ शकतो, आपणांस शिमग्याच्या शुभेच्छा.

अब्बांचं लांज्याला जाणं मात्र थांबलं नाही. आणखी सहा दिवस ते रोज गेले. मी म्हटलं, शिमग्याला देतो म्हणाला ना, मग आता कशाला? तर म्हणाले, "बसणं अर्ध्यावर सोडायचं नसतं." खरी गोष्ट अशी की दोघांचं जमलं होतं. घडशींना एसटीची वेळापत्रकं पाठ आणि अब्बांना भरती-ओहोटीची. दोघे ओटीवर बसून एकमेकांना वेळा सांगायचे. अब्बा घरी येऊन कौतुकाने सांगत, "पंचाऐंशी सालची लांजा-बोरिवली किती वाजता सुटायची ते त्याला अजून आठवतं!" अम्मी म्हणायची, "आपलं लगीन कुठल्या साली झालं ते सांगा." अब्बा वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, उठायचे.

मी माझ्या मार्गाने लढत राहिलो. आणखी सहा मेल टाकल्या. पहिलीत 'आदरणीय घडशीकाका' होते. तिसरीत नुसते 'घडशी'. पाचवीत मी कायद्याचा उल्लेख केला, कुठल्या ते मोघम ठेवून. सहावी अशी होती : 'श्री. भिकाजी, तुम्ही एकतीस वर्षं जनतेला थांबवून ठेवलंत, पण मी जनता नाही.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते कॅफेवाल्याला वाचून दाखवलं. यातल्या एकाही मेलला उत्तर आलं नाही. मी फोन केला तर नुसती पोकळ खरखर.

नारळी पुनवेचा आदला दिवस उजाडला. सकाळी नऊच्या सुमाराला मी ओट्यावर दात घासत होतो, तेव्हा फाटकातून एक माणूस आत आला. खाकी पँट, पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, काखेत छत्री. त्याने चपला काढून नीट एका रेषेत ठेवल्या, जणू त्यांनाही फलाट दिला होता, आणि ओट्यावरच्या बाकावर बसला.

"भिकाजी घडशी," तो म्हणाला.

पुढे काही नाही. बसला तो बसला.

माणूस पैसे घेऊन स्वतः आला! पण मागायचं नसतं, हे शास्त्र मला आता माहीत होतं. मागितलं की कारण देतील, आणि कारणं देण्यात त्यांचा हात धरणारा कोकणात कुणी नव्हता. मी तोंड धुतलं आणि समोर बसलो.

"पाऊस काय म्हणतो लांज्याला?" मी विचारलं.

"आहे."

"गाडी वेळेवर होती?"

"पाच मिनिटं लवकर," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. "बेशिस्त."

मग आम्ही दोघे गप्प बसलो. दहा वाजता बसलो. अकरा वाजता बसलो. मधूनच ते माझ्याकडे असे बघत की ह्या पोराला काही लाज आहे की नाही. मीही त्यांच्याकडे तसाच बघत होतो.

अब्बा पहाटेच बाहेर गेले होते ते दहाला परत आले, फाटकापर्यंत. तिथून त्यांना रेषेत ठेवलेल्या चपला दिसल्या. "दोर बघून येतो," असं हवेला सांगून ते वळले. कुणाचे दोर, कशाचे दोर? अब्बांची होडी नाही. ते फक्त ओरडतात.

अम्मी आतून जेवण घेऊन आली. तव्यावरची सुरमई, बर्फातली, ठेवणीतली. घडशींनी हात जोडले. "वहिनी, श्रावण पाळतो मी."

ज्या घरात भाजी म्हणजे माशाच्या आमटीतली कोकमं, त्या घरात हे वाक्य पडलं. अम्मीने शेजारच्या विमलाताईंकडून एक काकडी आणि दोन बटाटे आणवले. बटाट्याला काय करायचं असतं ते विचारून घेतलं.

संध्याकाळी सव्वापाचला घडशी उठले, चपला घातल्या. "उद्या येतो," म्हणाले. त्यात धमकी होती. अब्बा सव्वासहाला घरी आले. लांज्याच्या गाड्यांच्या वेळा त्यांना आता तोंडपाठ होत्या, आणि त्याचा ते असा उपयोग करत होते.

"घडशी आले होते," मी म्हटलं.

"हो? काय म्हणाला?"

"बसले."

अब्बांनी मान हलवली. "शिकला," एवढंच म्हणाले आणि पालथे झोपले.

दुसऱ्या दिवशी नारळी पुनव. अब्बा अंधारातच दोर बघायला गेले. घडशी नऊ वाजता हजर, चपला रेषेत. बंदराकडून ताशांचा आवाज येत होता, कोळीवाड्यातले लोक सोनेरी कागदात गुंडाळलेले नारळ घेऊन चालले होते. दर्याला नारळ पडला की पैजेची मुदत संपली. मी घडशींच्या खिशाकडे बघत होतो आणि घडशी आमच्या दाराच्या आत बघत होते. आत तांदळाचं पिंप होतं, पिंपावर घंटा.

बारा वाजता अम्मीने विमलाताईंकडून आलेला नारळीभात त्यांच्यासमोर ठेवला. ती दोन दिवस बटाट्याशी लढत होती आणि तिचा संयम संपला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आता एक करा. पैसे द्या, नायतर मासे खा. दोन्ही नाय म्हणजे काय?"

घडशींनी वर बघितलं. "कसले पैसे?"

"घंटेचे."

"घंटेचे पैसे?" त्यांचा आवाज चढला. एसटी स्टँडच्या भोंग्यातून यायचा तसा. "घंटेचे पैसे मी सहा जुलैला रोख दिलेत! महिना झाला, माल नाही! वर या तुमच्या चिरंजीवांनी सहा पत्रं पाठवलीत. फोनच्या तारेवर झाड पडलं होतं, परवा लाइन चालू झाली तर सहाच्या सहा एकदम. मी जनता नाही म्हणे! मग मी कोण आहे?"

मी म्हटलं, "पण तुम्ही तर शिमग्याला देणार होतात. देवळासाठी घंटा."

"कसलं देऊळ? घंटा मला माझ्या ओटीवर हवी. नियंत्रक व्हायच्या आधी बारा वर्षं कंडक्टर होतो मी. दोरी ओढली नाही तर हात दुखतो माझा."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. नियंत्रक माणूस, पावतीशिवाय पैसा सोडणार नाही. 'घंटेबद्दल रोख रुपये चार हजार दोनशे फक्त मिळाले. ६ जुलै.' खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर आडवी, माझ्या प्रगतिपुस्तकांवर पंधरा वर्षं पाहिलेली सही : उमेर इब्राहिम साखरकर.

अम्मीने पावती वाचली. मग परत वाचली. म्हणाली, "सहा जुलै. तेव्हापासून हा माणूस माझ्या हातचं जेवतोय आणि माझ्याशी गप्पा मारतोय."

"मी पहिल्याच दिवशी देत होतो," घडशी म्हणाले. "न बघितलेल्या माणसाला पैसे कसे पाठवणार? कुणी घरी येईल म्हणून थांबलो होतो. हे आले, बसले, माणूस चांगला वाटला. तिसऱ्या दिवशी दिले. म्हणाले, माल पुनवेनंतर मिळेल, कुठं बोलू नका. पण अशी पत्रं आल्यावर थांबणार कोण?"

मी पैज जिंकलो होतो. महिन्यापूर्वीच. आणि हे घरात सगळ्यात आधी अब्बांना कळलं होतं.

सव्वापाच वाजले. घडशी उठले नाहीत. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा गाडी सोडतोय," म्हणाले. सव्वासहाला अब्बा निर्धास्त आत आले आणि चपलांना अडखळले.

ओट्यावर आम्ही तिघे बसलो होतो. कुणीही काही विचारलं नाही. अम्मीनेही नाही, आणि मला वाटतं त्यांना तेच सगळ्यात जड गेलं. अब्बा समोर बसले. पाऊस म्हणाले, आहे. वारा म्हणाले, पडेल. तिसरं वाक्य त्यांना सापडेना. त्यांचंच शास्त्र त्यांच्यासमोर तीन माणसांचं होऊन बसलं होतं. दहा मिनिटं टिकले. मग उठले, आत गेले, खाटेखालून अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

हातात धरायचा भोंगा होता. बॅटरीवरचा, नवा, लाल-पांढरा.

"चार हजार दोनशे," अब्बा म्हणाले. "तुजा आवाज पोचत नाय ना. म्हणून."

घडशींनी तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. "जास्त घेतलेन तुमच्याकडून," म्हणाले. "आमच्या स्टँडवरचा नऊशेचा होता."

"चांगला हवा होता," अब्बा म्हणाले.

मला फार चांगलं, लागेल असं काहीतरी बोलायचं होतं. महिनाभर मेलमध्ये अशी वाक्यं मी फुकट घालवली होती. प्रत्यक्षात मी म्हटलं, "पैज मी जिंकलो."

"जिंकलास. आता बोलणार नाय मी. पैसे तुजे, म्हणजे भोंगा तुजा. घाल तुज्या लिलावात."

घडशींना घंटा दिली. रात्री ते आमच्याकडेच झोपले आणि सकाळी निघताना फाटकात उभे राहून त्यांनी ती दोनदा वाजवली, टण टण, म्हणजे जाऊ द्या. कोंबड्यांचं मला माहीत नाही, पण तांदळाच्या पिंपात त्याच आठवड्यात उंदीर गेला. साइटवर त्यांनी माझ्याबद्दल अभिप्राय लिहिला : 'विक्रेता उतावळा. वडील उत्तम. बटाटा कच्चा.' पाचपैकी चार तारे.

मी भोंगा खरोखरच लिलावात घातला. अब्बांनी एक शब्द काढला नाही. सहा दिवस एकही बोली नाही. सातव्या दिवशी, शेवटच्या मिनिटाला, एकच आली. चार हजार दोनशे. लांजा एक्स्प्रेस ५८.

मी फोन लावला. "काका, तुम्हाला भोंगा कशाला?"

"मला नको. तुमच्या वडिलांनी लावायला सांगितलेन. त्यांना खातं उघडता येत नाही ना. पैसे ते देतील."

"कधी?"

पलीकडून सराईत आवाज आला, "निघण्याच्या तयारीत आहेत."

तर सध्या परिस्थिती अशी आहे. माझं गिऱ्हाईक माझ्याच घरात राहतं. रोज माझ्यासमोर बसून जेवतं. मी मागत नाही, ते देत नाही, आम्ही हवापाण्याचं बोलतो. अम्मी म्हणते, असा शांत संसार तिला आधी माहीत असता तर तिने घंटा केव्हाच विकली असती.

फक्त, अब्बांचं म्हणणं, घेणाऱ्याला माल तपासून बघायचा हक्क आहे. साइटवरही तसं लिहिलेलं आहे, मी बघितलं. आणि भोंगा तपासायचा तर बंदरावरच, पहाटे, लिलावाच्या वेळी, नाहीतर तो किती पोचतो ते कसं कळणार? हेही बरोबर आहे. पण पैसे हातात आल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका, हा नियम. तो मी मोडणार नाही. म्हणून भोंगा माझ्या हातात असतो आणि जिथे भोंगा तिथे मी. त्याचं बटण कुठलं ते अब्बांना कळत नाही. माल चालू करून दाखवणं हे विक्रेत्याचं काम, म्हणून सुरमईचा भाव मी सांगतो. फक्त तपासणीपुरता. आवाज होडीपर्यंत पोचतो.

शिमगा येऊन गेला. पैसे आले नाहीत. पण मी हार मानलेली नाही. मी वसुलीला बसलोय. या गिऱ्हाइकाकडे बसायचं म्हणजे पहाटे चारपासून उभं राहावं लागतं, एवढंच.